एरंडेलातील मुख्य मेदाम्ल व त्याचे उपयोग
(सामान्य विज्ञान : वरिष्ठ प्राथमिक इयत्तांसाठी पाठविवेचन)

प्रास्ताविक

‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण खेड्यातील प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेली असते. इतर झाडे नसतील तेथेच एरंडाला मोठेपण मिळावयाचे, असा तिचा रोख आहे. उद्योगाच्या बाजारपेठेत मात्र एरंडाचा मान निराळा आहे. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला असून त्यातील सर्वांत मोठा वाटा गुजरातचा आहे. एरंडाचे ‘जीसीएच-३’ हे संकरित वाण १९६८ साली गुजरातेतच प्रसारित झाले. भारतातून परदेशी जाणाऱ्या या तेलापासून वंगणे, रंग, साबण, औषधे, नायलॉनचे धागे अशा शेकडो वस्तू होतात. या सर्वांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. तो म्हणजे एरंडेलातील मुख्य मेदाम्ल, रिसिनोलेइक अम्ल.

नाशिक जिल्ह्यात एरंडाचे स्वतंत्र शेत क्वचितच दृष्टीस पडते. परंतु बांधावर, गोठ्याच्या पाठीमागे, ओढ्याच्या काठी व उकिरड्याच्या कडेला तो सर्वत्र आढळतो. होळीच्या मध्यभागी एरंड उभा करण्याची चाल पुष्कळ गावी आहे. म्हणजे पाठाचे साधन शाळेच्या कुंपणाशीच उभे आहे. याच कारणाने पाठाला आणखी एक गंभीर बाजू आहे. ज्या झाडाचे तेल घरोघरी वापरले जाते, त्याच झाडाचे बी मुलाने चावून खाल्ले तर जिवावर बेतू शकते. तेलाचे ज्ञान आणि बियांविषयीची सावधगिरी ही दोन्ही एकाच पाठात दिली गेली पाहिजेत.

पाठाचे उद्देश

१. तेल हे ग्लिसरीन व मेदाम्ले यांच्या संयोगाने बनते, हे विद्यार्थ्यांस समजावे.
२. एरंडेल इतर तेलांहून वेगळे का, याचे कारण प्रयोगांच्या आधारे त्यांना सांगता यावे.
३. रिसिनोलेइक अम्लाचे घरगुती, शेतीतील व औद्योगिक उपयोग त्यांना कळावेत.
४. एरंडाच्या व मोगली एरंडाच्या बिया खाऊ नयेत, हे मनावर ठसावे व अपघात घडल्यास काय करावे हे ठाऊक व्हावे.

साहित्य

एरंडेल, शेंगदाण्याचे तेल व जवसाचे तेल, प्रत्येकी लहान बाटलीभर, काचेच्या दोन-तीन पट्ट्या, दोन परीक्षानळ्या, पाण्याचा अंश अल्प असलेले तीव्र स्पिरिट, पिवळ्या पुठ्ठ्याचे तुकडे, एक ते अठरा अंकांच्या चिठ्ठ्या, दोन तांबे, एरंडाचे पान व बोंड. बिया दाखवावयाच्या त्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत घालूनच दाखवाव्यात. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत आणि तास संपताच शिक्षकांनी बाटली स्वतःच्या ताब्यात घ्यावी.

पूर्वज्ञान

पुढील प्रश्नांनी विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान जागृत करावे : एरंडाचे झाड कोठे पाहिले? त्याचे पान कसे असते? घरी एरंडेल कशासाठी वापरतात?

उत्तरे बहुधा अशी येतील. आई तुरीला, मुगाला किंवा गव्हाला एरंडेल चोळून ठेवते. आजी गुडघ्याला ते तेल चोळून त्यावर शेकलेले पान बांधते. पोट साफ होण्यासाठी ते पिण्यास देतात. पूर्वी त्याच्या दिव्यावर काजळ धरीत. मोटेच्या व चपलांच्या कातड्याला आणि गाडीच्या आसाला ते लावीत. ही सर्व उत्तरे फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावीत. पाठाच्या शेवटी प्रत्येक उत्तरापुढे त्याचे कारण लिहावयाचे आहे.

हेतुकथन

“एकच तेल धान्याला, कातड्याला, दिव्याला आणि पोटालाही का चालते, याचे कारण आज आपण शोधावयाचे आहे,” असे सांगून पाठास प्रारंभ करावा.

विषयप्रतिपादन

(अ) तेलाची घडण : खाद्यतेल असो वा एरंडेल, प्रत्येक तेलाच्या रेणूत ग्लिसरीनचा एक लहान कणा असून त्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. साखळी कोणती, यावर तेलाचा स्वभाव ठरतो. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक व लिनोलेइक ही मेदाम्ले मुख्य असतात. जवसाच्या तेलात लिनोलेनिक अम्ल अधिक असते. एरंडेलात मात्र दर शंभर भाग मेदाम्लांपैकी सुमारे पंचाऐंशी ते नव्वद भाग एकट्या रिसिनोलेइक अम्लाचे असतात. एकाच मेदाम्लाचे इतके प्राबल्य फार थोड्या तेलांत आढळते.

(आ) अठरा जणांची रांग : रिसिनोलेइक अम्लाच्या रेणूत १८ कार्बन, ३४ हायड्रोजन व ३ ऑक्सिजन असे अणू असतात. हे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा मैदानावर उभे करून दाखवावेत. अठरा विद्यार्थ्यांना हात धरून एका रांगेत उभे करावे व त्यांच्या छातीवर अनुक्रमाने चिठ्ठ्या लावाव्यात. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक कार्बन. पहिल्याच्या डोक्यावर टोपी घालावी. तो अम्लगटाचा कार्बन होय. नववा व दहावा यांनी एकमेकांचे दोन्ही हात धरावेत. तो दुहेरी बंध होय. बाराव्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा. हा तांब्या म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी, म्हणजेच हायड्रॉक्सिल गट.

तांब्या काढून घेतला तर हीच रांग ओलेइक अम्लाची होते. एरंडेल व इतर तेले यांतील भेद मुख्यतः या एका तांब्याचा आहे, हे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

आता शेजारी दुसरी तशीच रांग उभी करावी आणि दोन्ही रांगांतील बाराव्या क्रमांकाच्या मुलांनी एका हाताने एकमेकांचा तांब्या धरावा. मग एका रांगेस पुढे सरकण्यास सांगावे. ती सहज सरकणार नाही. अडखळत, ओढत जाईल. तांबे काढून घेतल्यावर दोन्ही रांगा एकमेकींच्या अंगावरून मोकळ्या निघून जातील. एरंडेल घट्ट व संथ का वाहते, याचे उत्तर मुलांना पायांनी मिळते.

ज्या शाळेची पटसंख्या अल्प आहे, तेथे जमिनीवर अठरा चिंचोके मांडून बाराव्यापाशी एक कवडी ठेवावी. या कामी एरंडाच्या बिया कदापि वापरू नयेत.

(इ) प्रयोग पहिला, वाहणे : काचेची पट्टी तिरपी धरून तिच्या वरच्या कडेस शेंगदाण्याच्या तेलाचा व एरंडेलाचा एकेक थेंब एकाच वेळी सोडावा. कोणता थेंब आधी खाली पोहोचतो, हे विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. एरंडेल फार मागे राहते. याच चिकटपणामुळे ते गाडीच्या आसावर टिकून राहते व लोखंडावर लोखंड घासू देत नाही.

प्रयोग दुसरा, विरघळणे : हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, जवळ दिवा, काडी अथवा चूल नसावी. दोन परीक्षानळ्यांत थोडे थोडे तीव्र स्पिरिट घेऊन एकीत शेंगदाण्याच्या तेलाचे व दुसरीत एरंडेलाचे काही थेंब टाकून हलवावे. शेंगदाण्याचे तेल वेगळे होऊन तळाशी बसते. एरंडेल विरघळून द्रव स्वच्छ होतो. स्पिरिटच्या रेणूतही तसाच हायड्रॉक्सिल गट असतो व समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत मिसळतात. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात पाणी बरेच असल्याने त्यावर हा प्रयोग साधत नाही.

प्रयोग तिसरा, वाळणे : काचेच्या एका पट्टीवर जवसाच्या तेलाचा व दुसरीवर एरंडेलाचा पातळ थर देऊन त्या धुळीपासून दूर, हवेशीर जागी दोन आठवडे ठेवाव्यात. जवसाच्या तेलावर साय धरावी तशी कोरडी पापडी येते. एरंडेल जसेच्या तसे ओले व चिकट राहते. फार दुहेरी बंध असलेली तेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतात. रिसिनोलेइक अम्लात दुहेरी बंध एकच असल्याने एरंडेल वाळत नाही. कातडे मऊ राखण्यास ते उपयोगी का, हे येथे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

(ई) शेतीतील उपयोग : निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागांत व जिल्हाभरच्या भाजीपाल्याच्या शेतांत पिवळे वा निळे चिकट सापळे टांगलेले मुलांनी पाहिलेले असतात. पिवळ्या रंगाकडे मावा व पांढरी माशी, तर निळ्याकडे फुलकिडे ओढले जातात. अशा पत्र्यांना किंवा पुठ्ठ्यांना एरंडेल लावण्याची रीत आहे. ते न वाळणारे असल्याने सापळा बरेच दिवस चिकट राहतो. शाळेच्या परसबागेत पिवळ्या पुठ्ठ्याचा सापळा टांगून आठवड्याने त्यावरील किडी मोजाव्यात.

डाळी-कडधान्यांस तेल चोळण्यामागेही असेच कारण आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंगेऱ्यांना अंडी घालण्यास अडचण पडते व घातलेली अंडी हवेवाचून मरतात. शिवाय एरंडाचे झाड भुईमूग व कपाशीच्या शेतात सापळा पीक म्हणून लावतात. पाने खाणाऱ्या अळीचा पतंग त्याच्या रुंद पानांवर अंडी घालतो व ती पाने तोडून नष्ट करता येतात. तेल काढल्यावर उरलेली पेंड उत्तम खत होय. परंतु ती गुरांना घालू नये. त्याचे कारण पुढे येईल.

(उ) उद्योगातील उपयोग : येथे पुन्हा अठरा जणांची रांग उभी करावी. रसायनशास्त्रज्ञ ही रांग ठरावीक ठिकाणी तोडतात. दाहक सोड्याबरोबर खूप तापविल्यास ती दहाव्या व अकराव्याच्या मध्ये तुटते. एका बाजूस दहा कार्बनांचे सेबॅसिक अम्ल व दुसऱ्या बाजूस आठ कार्बनांचे अल्कोहोल मिळते. सेबॅसिक अम्लापासून नायलॉनचा एक प्रकार होतो; ब्रशांचे ताठ केस त्याचे करतात. निराळ्या रीतीने, तीव्र उष्णता देऊन तोडल्यास रांग अकराव्या व बाराव्याच्या मध्ये तुटते. अकरा कार्बनांचे अनडेसिलेनिक अम्ल व सात कार्बनांचा हेप्टानाल हा सुगंधी उद्योगातील पदार्थ मिळतो. दहा आणि आठ अठरा, अकरा आणि सात अठरा, असा ताळा विद्यार्थ्यांनीच मांडून पाहावा.

अनडेसिलेनिक अम्लापासून ‘नायलॉन-११’ होते. मालमोटारींच्या हवेच्या ब्रेकांच्या नळ्या त्याच्या असतात. हेच अम्ल बुरशीनाशक आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्यांवरील काही मलमांत ते घालतात. मात्र घरचे एरंडेल म्हणजे ते मलम नव्हे, हे स्पष्ट करावे.

रांग न तोडताही तिच्यात फेरफार करता येतात. दुहेरी बंधाच्या जागी हायड्रोजन जोडल्यास मेणासारखा घट्ट पदार्थ होतो. त्यापासून यंत्रांचे लिथियम ग्रीस बनते. तांब्या काढून घेतला, म्हणजे पाण्याचा अंश बाहेर टाकला, तर रांगेत दुसरा दुहेरी बंध येतो आणि न वाळणारे एरंडेल वाळणारे तेल बनून रंग-वार्निशांत जाते. गंधकाम्लाची क्रिया केल्यास ‘टर्की रेड ऑईल’ हे पाण्यात मिसळणारे तेल मिळते. एकोणिसाव्या शतकापासून ते कापडाच्या रंगाईत वापरले जाते. मालेगाव-येवल्याच्या मुलांना हा उपयोग विशेष जवळचा वाटेल.

वंगणाचा इतिहासही थोडक्यात सांगावा. १९०९ साली इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने एरंडेल मिसळलेले मोटारीचे वंगण बाजारात आणले व त्याला कॅस्टर या नावावरून ‘कॅस्ट्रॉल’ असे नाव दिले. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या इंजिनांत एरंडेलच घालीत, कारण ते पेट्रोलात सहज विरघळून पातळ होत नाही.

उपयोगांची यादी याहून लांबविण्याचे कारण नाही. नाही तर पाठाचे एरंडाचे गुऱ्हाळ होईल. प्रत्येक उपयोगाच्या वेळी “हे दुहेरी बंधाचे काम की तांब्याचे?” एवढा प्रश्न विचारला म्हणजे पुरे.

(ऊ) पोटातील कार्य : पोटात गेलेल्या एरंडेलाचे लहान आतड्यात पचन होऊन रिसिनोलेइक अम्ल मोकळे होते. ते आतड्याच्या स्नायूंना चेतना देते व जुलाब होतात. हे नेमके कसे घडते याचा उलगडा २०१२ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी केला : स्नायूंच्या पेशींवरील एका विशिष्ट ग्राहकावर हे अम्ल कार्य करते. तोच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंतही असल्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. म्हणून गरोदर स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एरंडेल पिऊ नये. ही गोष्ट पालकसभेत, विशेषतः मातांच्या बैठकीत, अवश्य सांगावी.

सावधगिरी : तेल आणि बी यांतील भेद

रिसिनोलेइक अम्ल व रिसिन ही दोन नावे सारखी वाटतात, पण पदार्थ सर्वस्वी भिन्न आहेत. दोन्ही नावे ‘रिसिनस’ या एरंडाच्या शास्त्रीय नावावरून आली. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ गोचीड. बाटलीतील ठिपकेदार बी दाखविले की गुरांच्या अंगावरील गोचीड ठाऊक असलेल्या मुलांना नावाचे मर्म तत्काळ उमगते.

रिसिनोलेइक अम्ल हे तेलातील मेदाम्ल. रिसिन हे बियांतील अत्यंत विषारी प्रथिन. १८८८ साली स्टिलमार्क या संशोधकाने ते वेगळे काढून दाखविले. रिसिन तेलात विरघळत नाही. ते पेंडीत राहते. म्हणूनच तेल वापरता येते आणि पेंड मात्र गुरांना व कुत्र्यांना अपायकारक ठरते. खेड्यांत एरंड्या भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेण्याची जुनी पद्धत आहे. उकळण्याच्या उष्णतेने विषाचा बराच नाश होतो. कच्ची बी चावून खाल्ली असता विष थेट पोटात जाते. लहान मुलास थोड्या बियाही घातक ठरू शकतात.

याहून अधिक वेळा अपघात घडतात ते मोगली एरंडाच्या बियांनी. याला वनएरंड, चंद्रज्योत किंवा जट्रोफा असेही म्हणतात. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून हे झाड कुंपणाला लावतात. जैविक डिझेलसाठीही त्याची पुष्कळ लागवड झाली. त्याचे विष रिसिनहून वेगळे आहे, परंतु बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते. मधल्या सुट्टीत एक मुलगा खातो, त्याचे पाहून दहा जण खातात व तासाभरात सर्वांना उलट्या सुरू होतात, अशा घटना महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडल्या आहेत. “गोड लागते ते खाण्यासारखे असते” हा मुलांचा समज शिक्षकांनी नेमका याच ठिकाणी मोडून काढावा.

बिया खाल्ल्याचे कळताच पुढीलप्रमाणे करावे :

१. तोंडातील उरलेले तुकडे काढून चूळ भरावयास लावावी. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोट घालून उलटी करवू नये.
२. लक्षणांची वाट पाहू नये. उलट्या, पोटदुखी, जुलाब व ग्लानी ही लक्षणे काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मुलास ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे.
३. बियांचा व पानाचा नमुना सोबत द्यावा. किती बिया, किती वाजता खाल्ल्या, हे कागदावर लिहून डॉक्टरांस द्यावे.
४. आणखी कोणी खाल्ल्या, हे न रागावता विचारावे. शिक्षेच्या भीतीने जो मुलगा गप्प बसतो, त्यालाच सर्वांत अधिक धोका असतो.
५. पालकांस त्वरित निरोप धाडावा.

रिसिनवर नेमका उतारा नाही. वेळेवर मिळालेला उपचार हाच आधार आहे. पावसाळा संपून बोंडे धरू लागली की शाळेच्या आवाराची पाहणी करावी व मुलांच्या हाती लागतील अशी झाडे ग्रामपंचायतीच्या सहकार्याने काढून टाकावीत.

उपयोजन

दर रविवारी मुलांना एरंडेल पाजण्याची चाल काही घरांत होती. पोट धुऊन निघाले म्हणजे जंतही जातात, असा त्यामागे समज होता. एरंडेलाने जुलाब होतात. त्यावर जंत निर्मूलनासाठी विसंबता येत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती याचसाठी. “आमच्या घरी एरंडेल दिले आहे” म्हणून जो पालक गोळी नाकारतो, त्याला हा भेद शिक्षकांनी शांतपणे समजावून द्यावा. त्याचप्रमाणे तान्ह्या बाळास पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, मग ते एरंडेलाचे बोट का असेना, हेही सांगावे. घरच्या रीतीचा उपहास करू नये. धान्याला तेल चोळणाऱ्या आजीचे शहाणपण शास्त्राने खरे ठरविले आहे. तिला तेवढा मान दिला तर पुढची सूचनाही ती ऐकते.

फलकलेखन

एरंडेल = ग्लिसरीन + मेदाम्ले (८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक अम्ल)
रिसिनोलेइक अम्ल : १८ कार्बन, नववा व दहावा यांत दुहेरी बंध, बाराव्यावर हायड्रॉक्सिल गट
गुण : घट्ट, न वाळणारे, स्पिरिटमध्ये विरघळणारे
तेल उपयोगी, बी विषारी

स्वाध्याय

१. एरंडेल शेंगदाण्याच्या तेलाहून संथ का वाहते?
२. जवसाचे तेल वाळते, एरंडेल वाळत नाही; असे का?
३. अठरा कार्बनांची साखळी कोणत्या दोन ठिकाणी तोडतात व काय मिळते?
४. रिसिन व रिसिनोलेइक अम्ल यांतील भेद सांगा.
५. तुमच्या गावात एरंड व मोगली एरंड कोठे कोठे आहेत, याचा नकाशा काढा. झाडांना हात लावू नका.

पाचव्या स्वाध्यायातील नकाशे एकत्र करून एक मोठा नकाशा तयार करावा व तो वर्गाच्या भिंतीवर लावावा. त्याखाली १०८ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा आणि नवे वर्ष सुरू होताच पहिलीच्या मुलांना तो नकाशा आठवीच्या मुलांकडून समजावून देण्याची व्यवस्था करावी.